मीटरचे दिवे बदलताना चार्जिंगचा बल्ब मात्र एलईडी करू नका

तुमचा ट्रक २४ व्होल्टचा. रात्री पार्किंगचे दिवे लावल्यावर स्पीडोमीटर उजळतो, पण उजवीकडचे ब्रेकच्या हवेच्या दाबाचे आणि पाण्याच्या तापमानाचे काटे अंधारात राहतात. आता मीटर उघडणारच आहात, तर सगळेच बल्ब एलईडी करावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर असं: मीटर उजळवणारे बल्ब खुशाल बदला, चार्जिंगच्या इशाऱ्याचा बल्ब आहे तसाच ठेवा. का, ते पुढे सांगतो.

अर्धं मीटर उजळतंय याचा अर्थ फ्यूज आणि डिमर (मीटरचा उजेड कमी-जास्त करणारं चाक) ठीक आहेत, कारण मागच्या सगळ्या बल्बना सप्लाय सहसा एकाच वाटेने येतो. सगळंच अंधारात असतं तर मी आधी पार्किंगचा फ्यूज पाहायला सांगितला असता, मग डिमरचं चाक. ते चाक पुसताना नकळत खाली फिरलेलं असतं आणि माणूस विनाकारण डॅशबोर्ड खोलत बसतो. तुमच्या बाबतीत मात्र बहुधा उजव्या बाजूचे एकदोन बल्ब गेलेत, त्यांच्या होल्डरवर थर चढलाय, किंवा मागच्या प्लास्टिकच्या सर्किट पट्टीवरची तांब्याची रेघ तुटली आहे.

खोलायच्या आधी बॅटरीचा मेन स्विच बंद करा, नसेल तर निगेटिव्हची तार काढा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: तुमच्या हवेच्या काट्याला वायर आहे की नळी, ते खालून टॉर्च मारून पाहा. जुन्या ट्रकांत हवेची बारीक नळी थेट काट्याच्या पाठीला येते. तशी असेल तर चाकांना ओट (गाडी घरंगळू नये म्हणून लावायचे ठोकळे) लावून टाक्यांतली हवा पूर्ण उतरवा, मगच मीटरला हात लावा. नळी काढावी लागणार नाही इतकंच मीटर तिरकं करता आलं तर सगळ्यात चांगलं. स्पीडोमीटरची केबल असेल तर तीही आधी मागून सोडवा, नाहीतर मीटर पुढे ओढताना ताण तिच्यावर येतो.

पुढची चौकट काढताना घाई नको. एखादा स्क्रू हमखास रिकाम्या स्विचच्या झाकणाखाली लपलेला असतो. चौकट अडतेय असं वाटलं तर ओढू नका, राहिलेला स्क्रू शोधा. प्लास्टिक थंडीत ठिसूळ होतं, म्हणून केबिन गरम झाल्यावर हे काम करा. स्टीअरिंगच्या कॉलमवर जाड कापड टाका आणि कपलर (मीटरला येणाऱ्या वायरींचे जोड) काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या. मीटर बाहेर आल्यावर काच खाली करून पालथं ठेवू नका, उभंच धरा. काही काट्यांच्या आत धक्के शोषणारं सिलिकॉन तेल असतं, ते वाहून तबकडीवर येतं. काट्यांना तर बोटही लावू नका.

आता मागची बाजू. बल्बचे होल्डर पाव आटा डावीकडे फिरवले की निघतात. होल्डरच्या कडेला तांब्याचे दोन छोटे पंख असतात, ते पट्टीवरच्या रेघांवर टेकतात आणि तिथूनच करंट येतो. गेलेला बल्ब काळवंडलेला दिसतो किंवा आतली तार लोंबते. पण बल्ब चांगला दिसला तर त्या पंखांकडे बघा. हिरवट-काळा थर असेल तर साध्या खोडरबराने पंख आणि रेघ दोन्ही पुसा. पॉलिश पेपर घेऊ नका, रेघेवरचं तांबं फार पातळ असतं. बरेचदा बल्ब न बदलता इथेच काम होतं. त्यानेही दिवा लागला नाही तर पट्टी उजेडासमोर धरा. होल्डरच्या भोकाशीच केसासारखी चीर सापडते, कारण वर्षानुवर्षं तिथेच होल्डर पिळला जातो. नवा होल्डर बसवताना म्हणूनच टेकला की थांबा. काही नव्या ट्रकांत होल्डरच नसतात, एलईडी थेट बोर्डावर डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेले असतात. तिथे डागकामाचा सराव असलेला माणूस गाठा.

बल्ब घेताना जुना सोबत न्या आणि त्याच्यावरचे व्होल्ट, वॅट वाचा. १२ व्होल्टचा बल्ब २४ व्होल्टवर लगेच उडतो. एलईडी घेत असाल तर ज्याचा उजेड बाजूंनाही पसरतो असा घ्या. समोरच झोत टाकणाऱ्या एलईडीने तबकडीवर एक चकचकीत ठिपका पडतो आणि आकडे अंधारातच राहतात. तबकडी हिरव्या फिल्टरची असेल तर हिरवा एलईडी जास्त उजळ दिसतो. जुन्या डिमरवर एलईडी साध्या बल्बसारखे हळूहळू मंद होत नाहीत, हे मात्र धरून चला.

आता चार्जिंगचा बल्ब. अनेक ट्रकांत चावी फिरवली की करंट या बल्बमधून अल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) डी-प्लस टोकाला आणि तिथून रोटरच्या, म्हणजे त्याच्या फिरणाऱ्या भागाच्या, कॉइलला जातो. त्या करंटनेच रोटरमध्ये पहिलं चुंबकत्व तयार होतं आणि चार्जिंग सुरू होतं. मग बल्बच्या दोन्ही टोकांना सारखे व्होल्ट येतात आणि तो विझतो. म्हणजे हा बल्ब नुसता इशारा देत नाही, तो सर्किटचा भाग आहे. २४ व्होल्टचा ३ वॅटचा बल्ब १२५ मिलिअँपिअर सोडतो. छोटा एलईडी त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मी हे अनुभवाने शिकलो. उत्साहात सगळे बल्ब एलईडी केले. माल भरताना गाडी तासभर आयडलवर उभी होती, दिवे चालू होते. बंद करून पुन्हा चावी मारली तर स्टार्टरचा फक्त टक आवाज. मी बॅटऱ्यांना दोष देत राहिलो. शेवटी मल्टिमीटर लावला, तर आयडलवर २४.३ व्होल्ट आणि अॅक्सिलरेटर दाबताच एकदम २८. जुना ३ वॅटचा बल्ब परत बसवला आणि आयडलवरच २७.९ दिसले.

सगळं बंद करायच्या आधी कपलर जोडा, केबल आणि नळी काढली असेल तर तीही. मग बॅटरी चालू करून पार्किंग लावा. जो एलईडी लागत नाही तो उपसून उलटा बसवा, त्याला प्लस-मायनसची बाजू असते. मग चावी फिरवून चार्जिंग, ऑइल, हँडब्रेक, हाय बीम, इंडिकेटर एकेक बघा. इंजिन चालवून हवा भरू द्या आणि त्याच वेळी बॅटरीवर २७.५ ते २८.५ व्होल्ट येतात का पाहा. मग चाकांना ओट लावलेलेच असताना इंजिन बंद करा, चावी चालू ठेवा आणि ब्रेक पेडल दाबत हवा कमी करत न्या. काटा लाल पट्ट्यात जायच्या सुमारास हवेचा लाल दिवा आणि बझर दोन्ही यायलाच हवेत. त्यातलं एकही आलं नाही, तर चौकट लावू नका आणि गाडी रस्त्यावर काढू नका. आधी त्या दिव्याचा होल्डर आणि मागचे कपलर पुन्हा बघा.