पावसाळ्यात कोकणात खेकडे पकडायला आणि खायला जायचंय. कधी, कुठे आणि कसं जावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून चौघं जण जुलैच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी निघणार, गणपतीपुळ्याच्या आसपास समुद्राकाठचं हॉटेल बघून ठेवलंय, ताजे खेकडे खायचेत आणि जमलं तर स्वतः पकडायचेत. बेत झकास आहे, पण समुद्राकडे तोंड करून बसलात तर फसाल. जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. खाडीत कोणी हाताने धरलेली एखाद-दुसरी कुर्ली मिळेल, बाकी हॉटेलात पानात येईल ते बहुधा बर्फातलं. पावसाळ्यातला आमचा खेकडा डोंगराकडच्या पऱ्यात (ओहोळात) आणि भाताच्या खाचरात असतो. तेव्हा ते बुकिंग रद्द करा आणि डोंगराकडे आत या. संगमेश्वर, देवरुख, लांजा, कुठेही गावातल्या एखाद्या घरी राहायची सोय बघा.

माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यात. लहानपणापासून बहुतेक पावसाळ्यांत एक तरी रात्र मामाच्या मागे गमबूट घालून पऱ्यात गेलेली आहे, म्हणून हे थोडं अधिकाराने लिहितोय.

आधी नावांचं बघा, नाहीतर फोनवर घोळ होतो. खाडीतली ती कुर्ली. मुंबई-रायगडकडे तिलाच चिंबोरी म्हणतात. पऱ्यातले ते किरवे, शेतातले ते मुठे. गावागणिक यात फरक पडतो, पण "कुर्ल्या मिळतील का?" असं विचारलंत तर तुमचा यजमान तुम्हाला खाडीकडे धाडेल. "किरव्यांना जायचंय" म्हणा, त्याचा आवाजच बदलेल.

हंगाम म्हणाल तर मिरग ते गटारी. उन्हाळाभर हे प्राणी खोल बिळात, ओलाव्याला धरून पडून असतात. मृगाचे पहिले मोठे पाऊस पडले, पऱ्याला पाणी आलं की बाहेर पडतात. पहिल्या पुरानंतरच्या दोन-तीन रात्री सगळ्यात भारी, तेव्हा पायवाटेवरही सापडतात. पुढे संख्या कमी होत जाते. गटारीनंतर श्रावण लागला की बऱ्याच घरांत चुलीवर वशाट (मांस-मासळी) चढत नाही, त्यामुळे खेकडे असले तरी शिजवणारं कोणी नसतं. तुमचा जुलैचा दुसरा आठवडा तसा बरा आहे, पण पऱ्यात उतरायला उघडीप लागते. सलग तीन दिवस झोडपत असेल तर आमच्याकडचा माणूसही घरी बसून भाजलेल्या काजूच्या बिया फोडतो. म्हणून निघण्याआधी, शुक्रवारी यजमानाला फोन करून पाण्याचं विचारा आणि "नको येऊ" म्हणाला तर ऐका.

चांदण्या रात्री टाळाव्यात असं आमच्याकडे सगळेच सांगतात. अमावस्येचा खेकडा भरलेला, पुनवेचा पोकळ. खाडीच्या कुर्लीबाबत बाजारातल्या बायकाही हेच सांगतील. चंद्राचं काय ते असो, पोकळ खेकडा असतो हे मात्र खरं. कवच टाकून नवं धरलं की कवच मोठं आणि आत मांस कमी, नुसतं पाणी. कुर्ली विकत घेताना उलटी करा आणि पोटाकडून, शेवटच्या पायाच्या मुळाशी अंगठ्याने दाबा. पुठ्ठ्यासारखं आत गेलं तर परत ठेवा, दगडासारखं लागलं तर घ्या. पोटावरची झडप निमुळती असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. नराचे आंगडे (नांग्या) मोठे, मादीत नशीब असेल तर केशरी लाख, म्हणजे आतली अंडी.

आता रात्रीचं. जेवून, आठ-नऊ वाजता निघायचं. प्रत्येकाकडे विजेरी हवीच असं नाही, उलट एकाच्याच हाती असलेली बरी. मामाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "उजेड नाचवू नको." झोत डोळ्यांवर स्थिर राहिला की किरवा जागच्या जागी बसतो, आंगडे जरा वर उचलून, आता भांडू की पळू अशा बेतात. त्याच क्षणी गमबुटाचा तळवा पाठीवर हलकाच ठेवायचा (चिरडायचा नाही), मागून अंगठा आणि दोन बोटं घालून कवच दोन्ही बाजूंनी धरायचं आणि बारदानाच्या पिशवीत सोडायचा. पहिल्या खेपेला मी समोरून हात घातला होता. उजव्या तर्जनीवर अजून पांढरी रेघ आहे. आंगड्यात बोट सापडलं तर झटकू नका, झटकलं की तो आणखी आवळतो. हात पाण्यात टेकवा, त्याला जमीन लागली की सोडून पळतो.

दिवसा मुलंबाळं सोबत असतील तर दुसरा प्रकार आहे. काठीच्या टोकाला कोंबडीची आतडी बांधायची आणि बिळाच्या तोंडाशी धरून बसायचं. खेकडा हावरट, धरलेलं सोडत नाही, हळूहळू ओढत बाहेर आणता येतो. बिळात हात मात्र घालू नका. बिळात कधी खेकडा असतो, कधी विरोळा (पाणसाप). विरोळा बिनविषारी, पण रत्नागिरीत फुरसंही भरपूर आहे आणि ते काही नावाची पाटी लावून बसत नाही.

पिशवीत टाकण्याआधी प्रत्येक मादीची झडप बघायची ही आमच्या घरातली सक्ती. गोड्या पाण्यातल्या खेकडीच्या अंड्यांतून थेट छोटे छोटे खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या पोटाखाली चिकटून राहतात. झडप जरा उचलली की मसुराच्या डाळीएवढी पिल्लं एकमेकांवर चढलेली दिसतात. पिल्लं आईला खाऊन बाहेर पडतात ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ते खोटं आहे. अशी खेकडी दिसली की पाण्यात परत. घाटमाथ्याकडे जांभळे, नारिंगी, रंगीत खेकडे दिसतील, त्यांचेही फोटोच काढा. यातल्या काही जाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच आहेत. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या पाच नव्या जातींची नोंद तर अगदी अलीकडे, २०१६ साली झाली.

शेतातले मुठे धरलेत तर मात्र कोणी अडवणार नाही. लावणीची कोवळी रोपं कातरतात आणि बांधाला भोकं पाडून खाचरातलं पाणी घालवतात, म्हणून शेतकऱ्याचा त्यांच्यावर राग असतो. (२०१९ च्या जुलैत चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून माणसं गेली, तेव्हा तत्कालीन मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं होतं. त्यावर आमच्याकडे लोक काय बोलले ते इथे लिहिता येण्यासारखं नाही.)

पकडलेलं घरी कसं न्यायचं, यात मी एकदा सगळं वाटोळं केलंय. मित्रांसाठी खाडीच्या आठ मोठ्या कुर्ल्या घेतल्या आणि जिवंत राहाव्यात म्हणून नळाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत, वर झाकण लावून, गाडीत ठेवल्या. पुण्याला पोचेपर्यंत आठही मेलेल्या. साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि त्या गुदमरतात. सुतळीने आंगडे बांधून ओल्या गोणपाटात सावलीला ठेवल्या असत्या तर दुसऱ्या दिवशीही कुरकुरत बसल्या असत्या. मेलेला खेकडा फार लवकर नासतो, त्यामुळे आठच्या आठ टाकून दिल्या. मेलेला, ढिला पडलेला खेकडा कोणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका. रस्त्याकडेला कातकरी बाया-पोरं पाच-सहा जिवंत खेकडे वेलीने बांधून विकायला उभी असतात, त्यांच्याकडून जरूर घ्या, आणि तिथे घासाघीस करू नका. रात्रभर पाण्यात उभं राहण्याचे ते पैसे आहेत.

रांधणं यजमानीणबाईंवर सोडा, पण चुलीपाशी बसून बघा. आंगडे आणि मधलं धड वेगळं, बारीक पाय वेगळे. पाय पाट्यावर ठेचून पाण्यात कालवायचे आणि गाळून घ्यायचे. ते राखाडी, गढूळ पाणी म्हणजे रश्शाचा जीव. भाजलेला कांदा-खोबऱ्याचं वाटप, आलं-लसूण, घरचा मसाला, दोन आमसुलं, आणि मग हे पाणी. तापलं की त्याला दाटपणा येतो. मामी त्या वेळी कोणाशी बोलत नाही, मंद आचेवर ढवळत राहते, कारण भसकन उकळी आली तर ते फुटून गोळे होतात. मिठाचा हात किरव्यांना थोडा सढळ लागतो, खाडीच्या कुर्लीला बेताचा, ती मुळात खारट. आणि शिजवायचं ते पूर्ण. गोड्या पाण्याचा खेकडा कच्चा किंवा अर्धवट राहिला तर त्यातून फुप्फुसात जंत जाऊ शकतात, म्हणून "निखाऱ्यावर जरा शेकून खाऊ" असले प्रयोग नकोत.

माणशी चार-पाच किरवे धरा, तांदळाची भाकरी, वर भात. दीड तास लागतो. खेकडा खाताना गप्पा आपोआप बंद पडतात, फक्त फोडल्याचे आणि चोखल्याचे आवाज. घाई असलेल्या माणसाने आमच्याकडे सरळ डाळ-भात मागावा.

पायावर जखम असेल तर पाण्यात उतरू नका. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) साथ या दिवसांत असते, परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना "पऱ्यात उतरलो होतो" हे आवर्जून सांगा. वर डोंगरात पाऊस वाजायला लागला किंवा पाण्याचा रंग अचानक लाल झाला की पिशवी अर्धी असली तरी बाहेर. गाडीने येणार असाल तर घाट दिवसाउजेडी उतरा. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर सावकाश धावते, त्यामुळे संगमेश्वर रोडला उतरून त्याच रात्री पऱ्यात जायचा हट्ट नको.

आणि मोठ्या आंगड्यांच्या कुर्ल्याच खायच्या असतील तर हा बेत ऑक्टोबरनंतर ढकला आणि खाली वेंगुर्ल्याकडे जा. तिथे मांडवी खाडीत महिला बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो, कुर्ल्या राहतात कुठे तेही बघून होईल. पण मग किरव्यांचा रस्सा मिळणार नाही. जुलैत येताय तर यजमानाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की चार माणसं आहेत, आणि सोबत एक अंडी किंवा कोंबडीचा पर्याय ठरवा. मागच्या वर्षी आम्ही पाच जण तीन तास फिरून सात किरवे घेऊन आलो होतो.