पहिलीच्या वर्गात कोरकू

प्रश्न : मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात पहिलीला शिकवते. सगळी मुलं घरी कोरकू बोलतात. वर्गात कोरकू आणली तर मराठी कच्ची राहील, असं पालक म्हणतात. काय करू? – एक शिक्षिका

उत्तर : ताई, मराठी कच्ची राहते ती न समजता घोकल्यामुळे. कोरकू मुंडा भाषाकुळातली, झारखंडकडच्या संथाळी भाषेच्या नात्यातली. मराठीहून अगदी वेगळी. मीही मेळघाटात पहिलीलाच शिकवलं. मुलं फळ्यावरचं वाक्य सुबक उतरवायची, अर्थ विचारला की खाली बघायची. मग गावातल्या एका आजींना वर्गात बोलावलं. त्या मोहफुलं वेचण्याबद्दल कोरकूत बोलल्या, मुलांनी भराभर भर घातली आणि त्यांचीच वाक्यं मी देवनागरीत फळ्यावर लिहिली. अक्षरं तिथे बसली! मराठीलाही हीच अक्षरं लागतात, हे पालकांना वर्गात बसवूनच दाखवा. मराठी रोज हवीच, पण आधी तोंडी : गाणी, गप्पा, सूचना. लेखन मागून. कोणी नियम विचारला तर प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं असं सांगणारं घटनेचं कलम ३५०क आहे, २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही आहे. आणि तुम्ही स्वतः कोरकू शिकायला लागा. मुलं फार हौसेनं शिकवतात.