ओळ एकाची, चेहरा दुसऱ्याचा

प्रश्न : सभासदांच्या यादीचं एक अँड्रॉइड अ‍ॅप करतोय. रीसायकलरव्ह्यू (लांब यादी सरकवत दाखवणारा अँड्रॉइडचा घटक) वापरलाय. ओळीत गोल फोटो, नाव आणि कॉलचं चिन्ह. फोटो फोनमध्येच साठवलेत, बिटमॅपफॅक्टरीने (फोटोची फाइल उलगडून पिक्सेलमध्ये आणणारा अँड्रॉइडचा वर्ग) वाचतो. ज्यांचे फोटो आहेत ते बरोबर दिसतात, पण ज्यांनी दिलेलाच नाही त्यांच्या नावापुढे सरकवल्यावर भलत्याचाच चेहरा येतो. यादी अडखळते, आणि शेवटचं कॉलचं चिन्ह अधिकचं (+) चिन्ह असलेल्या तरंगत्या गोल बटणाखाली जातं.

उत्तर : ‘ज्यांनी दिलेलाच नाही’ हे लिहिलंत ते बरं केलंत. कोड पाठवला नाहीत, तरी पैजेवर सांगतो : ऑनबाइंडव्ह्यूहोल्डरमध्ये, म्हणजे ओळीत माहिती भरणाऱ्या फंक्शनमध्ये, ‘फोटो असेल तर लाव’ असा इफ आहे आणि त्याला एल्स, म्हणजे ‘नसेल तर काय’, हा भाग नाही.

रीसायकलरव्ह्यू दर सभासदाला नवी ओळ देत नाही. पडद्यावर मावतील तेवढ्या आणि वर थोड्या, एवढ्याच ओळी बनवतो. वरून बाहेर गेलेली ओळ पुसल्याशिवाय खालून परत आत येते. म्हणजे उष्टं ताट. नाव तुम्ही दरवेळी लिहिता, म्हणून ते बदलतं; फोटो नसला की त्या जागेला हातच लावत नाही, मग आधीच्याचा चेहरा तसाच राहतो. माझ्या पहिल्या यादीत तिसऱ्या ओळीवर टिक केली की चौदावीवरही दिसायची. दोन रात्री मी डेटाबेसला शिव्या घातल्या. तेव्हा एल्स लिहा, आणि त्यात नावाचं पहिलं अक्षर रंगीत गोलात दाखवा. रंग मात्र सभासदाच्या आयडीवरून ठरवा, ओळीच्या क्रमांकावरून नको. नाहीतर वर एक नाव वाढलं की खालच्या सगळ्यांचे रंग बदलतात.

अडखळण्याचं मूळ बिटमॅपफॅक्टरीत आहे. कॅमेऱ्याचा ४००० बाय ३००० चा फोटो उलगडला की दर पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ एमबी होतात. गोल ५६ डीपीचा (डीपी म्हणजे पडद्याच्या घनतेवर न अवलंबणारं माप) असेल तर तिप्पट घनतेच्या, म्हणजे एका डीपीला तीन पिक्सेल असलेल्या, पडद्यावर त्याला १६८ बाय १६८ पिक्सेल पुरतात, म्हणजे जेमतेम ११३ केबी. हे उलगडणं मेन थ्रेडवर, म्हणजे पडदा रंगवणाऱ्याच धाग्यावर, चाललंय, आणि ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला, म्हणजे पडद्याच्या एका चित्राला, सुमारे १६ मिलिसेकंदच मिळतात. ग्लाइड किंवा कॉइल घ्या; या लायब्रऱ्या फोटो मागच्या धाग्यावर, हव्या त्या आकारात उलगडतात. गोलाची लांबी-रुंदी ठरलेली ठेवा, रॅप-कंटेंट (आतल्या चित्राएवढा आकार) नको. आता फोटो मागाहून येतील, त्यामुळे एल्समध्ये त्या ओळीची फोटोची जुनी मागणी रद्द करायला विसरू नका, नाहीतर तो चेहरा उशिरा का होईना, येऊन बसेल.

बटणाचं सोपं आहे. ५६ डीपीचं बटण, वर-खाली १६-१६ : यादीला खालून ८८ डीपी पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या आणि क्लिपटूपॅडिंग (त्या जागेत ओळी कापायच्या का, ही सेटिंग) फॉल्स करा. ते करायचं विसरलात तर ओळी पॅडिंगपाशीच कापल्या जाऊन खाली कोरी पट्टी दिसते. कॉलच्या चिन्हाला ४८ डीपीची जागा आहे ना, तेही बघा. चिन्ह लहान चालेल, बोट लागायची जागा लहान नको.

आणि तपासताना दहा नावं भरू नका. सगळी एका पडद्यावर मावली तर ओळ परत वापरलीच जात नाही, मग चूक दिसणार कशी? दोनशे भरा, त्यातली निम्मी बिनफोटोची.