'मॅमथ प्लेट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: कार्लटन वॉटकिन्स या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी छायाचित्रकाराच्या, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीच्या छायाचित्रांवरच्या लेखात 'मॅमथ प्लेट'चं (म्हणजे छायाचित्र घ्यायच्या खूप मोठ्या काचेचं) भाषांतर 'महाकाय पट्टिका' असं केलंय, ते चालेल का?

माझ्या मते नाही. 'पट्टिका' म्हटलं की अरुंद पट्टी डोळ्यांसमोर येते. नुसतं 'प्लेट' लिहिलं तर पत्रा किंवा बशी. ही तर सरळ काच आहे. वॉटकिन्सनं १८६१ मध्ये योसेमिटीच्या दरीत खेचरांवर लादून नेल्या त्या साधारण १८ बाय २२ इंचांच्या काचा. प्रत्येक काच तिथेच तयार करावी लागे. कोलोडियनचा दाट द्राव मधोमध ओतायचा, काच एकेका कोपऱ्याकडे कलती करत तो सारखा पसरू द्यायचा, उरलेला शेवटच्या कोपऱ्यातून बाटलीत निथळायचा. मग तंबूच्या अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच छायाचित्र घेऊन, वाळायच्या आत डेव्हलप करायची. एवढ्या मोठ्या काचेवर कुठेही वळ न उठता थर बसवणं हे विलक्षण कसब होतं, आणि 'पट्टिका' म्हटलं की ते सगळं नजरेआड होतं.

एवढ्या मोठ्या काचा कशासाठी? ही काच म्हणजेच निगेटिव्ह, आणि निगेटिव्हवरून मोठी प्रत काढायची सोय तेव्हा जवळपास नव्हतीच. कागद काचेला भिडवून उन्हात ठेवायचा. जेवढी काच तेवढंच चित्र.

आता 'मॅमथ'. चार्ल्स विल्सन पील यांनी १८०१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मॅस्टोडॉन या हत्तीसारख्या नामशेष प्राण्याची हाडं खणून काढली. लोक त्या प्राण्याला मॅमथच म्हणत. मग अमेरिकेत कुठल्याही अवाढव्य वस्तूला 'मॅमथ' म्हणायची लाटच आली. अध्यक्ष जेफरसन यांना १८०२ च्या पहिल्या दिवशी भेट मिळालेलं चीजसुद्धा 'मॅमथ चीज' ठरलं. छायाचित्रकारांकडे मात्र हे विशेषण एका मापाचं नाव होऊन बसलं. 'डेमी' म्हणजे मुळात अर्धा, पण पुस्तकाच्या 'डेमी' आकाराला आपण 'अर्धा आकार' म्हणत नाही, तसंच इथेही 'महाकाय' नको.

तेव्हा पहिल्या उल्लेखात 'मॅमथ आकाराची काच (सुमारे १८ बाय २२ इंच)' लिहावं, पुढे नुसतं 'मॅमथ काच'. संग्रहालयांच्या नोंदींत 'मॅमथ प्लेट' हे कागदावरच्या चित्रालाही लावलेलं दिसतं. तिथे 'मॅमथ काचेवरून काढलेली अल्ब्युमेन प्रत' (अल्ब्युमेन म्हणजे कागदावर दिलेला अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा लेप) असं स्पष्ट लिहिलेलं बरं, कारण वॉटकिन्सकडे उरलेल्या काचा १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतरच्या आगीत गेल्या आणि आज आपण पाहतो त्या बहुतेक कागदी प्रतीच.