हीटर राहू द्या, आधी टेबलाचे स्क्रू सैल करा

भाऊ, तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. स्लॅबवरच्या टिनाच्या शेडमध्ये तुम्ही सप्टेंबरात सागाचं दोन फूट रुंद टेबल केलं आणि दिवाळीनंतर त्याची फळी मधोमध तडकली. आता पांढरा गोंद सकाळी धरत नाही. आणि मुलगा म्हणतो, एक तर हीटर घ्या, नाहीतर फेब्रुवारीपर्यंत शेड बंद ठेवा.

शेड बंद ठेवू नका. नागपुरात लाकूडकामाचे बरे महिने हे थंडीचेच आहेत. मे महिन्यात ४५ अंशांत टिनाखाली कोण उभं राहणार? जुलै-ऑगस्टात पॉलिश पांढरट पडतं, पटाशीला एका रात्रीत गंज चढतो. आता दुपारी २८ अंश, कोरडी हवा, घाम नाही. फक्त कोणतं काम दिवसाच्या कोणत्या वेळी करायचं, हे थोडं बदलावं लागतं.

आधी गोंदाचं. २०१८ च्या डिसेंबरात माझ्या निवृत्तीला चार वर्षं झाली होती आणि मी स्वतःला बराच जाणकार समजायला लागलो होतो. नातवासाठी छोटी खुर्ची करत होतो. २८ तारखेच्या रात्री नऊच्या सुमारास सगळ्या सांध्यांना गोंद लावला, क्लॅम्प आवळले आणि खाली झोपायला गेलो. त्या रात्री नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. शहराच्या नोंदींत तोवर इतकी थंड सकाळ झाली नव्हती. शेडमध्ये गेलो तर सांध्यांतून बाहेर आलेला गोंद पारदर्शक दिसायच्या ऐवजी खडूसारखा पांढरा, नख लावलं की भुकटी. दोन दिवसांनी मागचा पाय हाताने ओढून पाहिला, तर कुसू खाचेतून अलगद बाहेर आला. बायको म्हणाली, बरं झालं, नातू बसायच्या आधी कळलं.

यात गोंदाची चूक नव्हती. पांढऱ्या गोंदात प्लास्टिकचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी लाकडात शिरलं की ते मऊ कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा सलग पापुद्रा बनतो. साधारण १० अंशांच्या खाली मात्र कण कडकच राहतात. पाणी निघून जातं, मागे भुकटी उरते. नंतर कितीही ऊन लागलं तरी त्या भुकटीचा पुन्हा गोंद होत नाही. असा सांधा झाला असेल तर ‘थोडा आणखी गोंद सोडून पाहू’ करू नका. उघडा, कोऱ्या लाकडापर्यंत खरवडा आणि नव्याने जोडा.

आणि हवेचं तापमान पाहून भुलू नका, लाकडाचं पाहा. सकाळी दहाला बाहेर ऊन छान असतं, पण रात्रभर टिनाखाली पडलेली दीड इंची फळी हाताला गारच लागते. मी जोडायच्या फळ्या अकराला दक्षिणेच्या खिडकीपाशी नेतो. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला जेमतेम ४५ अंशांवर असतो, त्यामुळे उन्हाची तिरीप पार बेंचपर्यंत येते, जी मे महिन्यात उंबऱ्याच्या आतही येत नाही. फळ्या अर्ध्या तासाने उलटायच्या, नाहीतर एका बाजूने वाळून त्यांची पन्हाळ होते. गोंद बारा ते दोनच्या दरम्यान लावायचा. संध्याकाळची थंडी पडेपर्यंत पापुद्रा धरलेला असतो, मग रात्री पारा खाली गेला तरी फारसं बिघडत नाही. गोंदाची बाटली शेडमध्ये जमिनीवर ठेवायची नाही, घरात ठेवायची. आमची फ्रिजच्या मागे असते. तिथे कोणी ठेवू दिली, ही वेगळी कथा आहे. इपॉक्सी वापरत असाल तर थंडीत ते मधासारखं घट्ट होतं, कधी आत साखरेसारखे कण धरतात. बंद डबा गरम पाण्यात ठेवला की पूर्ववत होतं.

आता हीटर. घेऊ नका. पहिलं कारण टिन: हजार-दोन हजार वॅट जाळून तुम्ही आकाश गरम करत बसाल. दुसरं कारण पैशांचं नाही. लाल तापलेली कॉइल, हवेत तरंगणारा बारीक भुसा, कोपऱ्यात थिनरचा उघडा डबा आणि थंडी म्हणून बंद केलेलं दार, हे चारही एका खोलीत नकोत. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत अजिबातच नको, तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वासही येत नाही आणि माणूस झोपेतच जातो. सकाळी हात आखडत असतील तर शेडमध्ये उशिरा जा. निवृत्त माणसाला हजेरी कोण लावतं? माझ्या बोटांचे सांधे साडेनऊपर्यंत पटाशी धरत नाहीत, तेवढा वेळ मी खाली उन्हात खुर्ची टाकून धार लावतो. पाणी मात्र कोमट घेतो.

जाता जाता एक. उरलेसुरले तुकडे आमच्याकडे आंघोळीच्या बंबात जातात, सागाचा तुकडा सुरेख जळतो. पण प्लाय आणि एमडीएफचे तुकडे त्यात टाकू नका. त्यांतल्या गोंदाचा धूर डोळ्यांना आणि छातीला फार वाईट.

आता तुमचं टेबल, खरा मुद्दा हाच आहे. तुम्हाला वाटतंय थंडीने फळी तडकली. थंडीने नाही तडकली, सप्टेंबरने तडकवली. आपल्या हवेची गंमत अशी, की बर्फाच्या देशांत लाकूड हिवाळ्यात सगळ्यात कोरडं असतं, कारण घरं आतून तापवलेली असतात. आपल्याकडे ते मे महिन्यात सगळ्यात कोरडं असतं आणि ऑगस्टात सगळ्यात फुगलेलं. डिसेंबर म्हणजे मधला थांबा. माझ्या शेडमध्ये लाकडातल्या ओलाव्याचं मीटर ऑगस्टअखेर १४-१५ टक्के दाखवतं, आत्ता १०च्या आसपास, आणि मे संपताना ६-७.

सागाबद्दल आपला एक गैरसमज असतो. आलापल्ली-बल्लारशाकडचा साग नावाजलेला, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातूनच लाकूड गेलं. मग वाटतं की हा कुठे आकसतोय. इतर लाकडांपेक्षा कमी आकसतो, इतकंच. ज्या फळीच्या टोकाला खोडाची वलयं आडव्या कमानीसारखी दिसतात, ती ओलाव्याच्या दर टक्क्यामागे रुंदीला साधारण ०.१९ टक्का बदलते. वलयं उभी असतील तर त्याच्या जवळपास निम्मं. तुमचं दोन फूट म्हणजे ६०० मिलिमीटर. एका टक्क्याला एक मिलिमीटरहून थोडं जास्त. पंधरावरून दहावर आलं म्हणजे साडेपाच-सहा मिलिमीटर. लांबीला काहीच होत नाही, म्हणून खालच्या चौकटीच्या आडव्या पट्ट्या तशाच राहिल्या. वरच्या फळीला सहा मिलिमीटर आकसायचं होतं, आणि तुम्ही तिला दोन्ही कडांनी त्या पट्ट्यांना स्क्रूने घट्ट बांधून ठेवलं होतं. ती मधून फाटणार नाही तर काय करणार?

आणि हे अजून संपलेलं नाही. दहावरून साडेसहावर जाताना आणखी चार मिलिमीटर आहेत, ते मे महिन्यात वसूल होतील. म्हणून आत्ता त्या भेगेत लांबी (पुट्टी) किंवा भुसा-गोंद भरू नका. पुन्हा बाजूला नवी भेग पडेल. आणि पुढच्या ऑगस्टात फळी फुगली की भरलेला माल कडा दाबत वर येईल, ते भेगेपेक्षा वाईट दिसतं. मी हे सगळं करून बसलोय, देव्हाऱ्याच्या पाटावर.

लकडगंजात, आपल्या नागपूरच्या लाकूडबाजारात, मी पहिल्यांदा लाकूड घ्यायला गेलो, तेव्हा आरामशीनवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने विचारलं होतं, “साहेब, टेबल पावसाळ्याचा बनवून राहिले का उन्हाळ्याचा?” मला वाटलं थट्टा करून राहिला. तो विचारत होता, की आज जो सांधा बसवताय तो वर्षाच्या कोणत्या टोकाचा धरून बसवताय. हिवाळ्यात काम करायचा खरा फायदा इथे आहे: आपण मधोमध उभे असतो. डिसेंबरात कपाटाच्या दाराची चौकट करता, आत सागाचं पॅनेल घालता. त्या पॅनेलला दोन्हीकडे जागा सोडावी लागते, मे महिन्यात आकसलं तरी खाचेतून निसटू नये इतकी जीभ (पॅनेलची खाचेत जाणारी कड) आत आणि ऑगस्टात फुगायला पोकळी. दीड फुटाच्या आडव्या वलयांच्या पॅनेलला मी प्रत्येक बाजूला अडीच मिलिमीटर पोकळी ठेवतो आणि जीभ किमान आठ मिलिमीटर आत. पॅनेलला खाचेत गोंदाचा थेंबही लावायचा नाही. ड्रॉवरचं तोंड मात्र डिसेंबरात घट्ट बसवू नका. आत्ता कागद जाईल इतकी फट सुंदर दिसते, पण ऑगस्टात ड्रॉवर उघडायला पाय लावावा लागतो. लाकूड लकडगंजातून आणलं की महिनाभर तरी शेडमध्ये मधे पट्ट्या घालून रचून ठेवा. ‘सुकलेला आहे साहेब’ यावर न जाता मीटर लावा. सरावाला महाग साग नासवू नका, संत्र्याच्या जुन्या लाकडी पेट्या मिळाल्या तर त्यांच्यावर डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखा सांधा) कापा. नाकात आंबट वास येतो, पण हात बसतो.

पॉलिशबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. चपडीचं पॉलिश करायचं तर हेच दिवस. चपडी जिच्यापासून होते ती लाख पळसावर, कुसुमावर, बोरीवर होते, आपल्या रानातलीच चीज. आणि स्पिरिटमधलं हे पॉलिश दमट हवेत धुरकट होतं, आता होत नाही. तेही दुपारीच. जवसाचं तेल वापरणार असाल तर दोन गोष्टी. घाण्यावरचं कच्चं तेल चटणीला उत्तम, लाकडावर मात्र या थंडीत आठवडाभर चिकट राहतं. हार्डवेअरच्या दुकानात बॉइल्ड म्हणून मिळतं ते घ्या, अगदी पातळ हात मारा आणि पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा. दुसरी गोष्ट तेलाच्या चिंध्यांची. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि काडी न ओढता तो पेटतो. चिंधी तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. थंडी म्हणून शेड बंद करून खाली जायच्या दिवसांत हे नक्की पाळा.

लोखंडाला गंज सकाळी चढतो. रात्री गार पडलेल्या रंध्यावर दार उघडताच उबदार हवा आली की दव धरतं. प्लास्टिकने झाकू नका, ओल आत कोंडते. जुनी सुती साडी टाका, लोखंडी तळाला मेण घासा, हत्यारांच्या पेटीत कापराची वडी ठेवा. जानेवारीत एखाद-दोन दिवस अवकाळी पाऊस-गारा होतातच, त्या आठवड्यात रोज एकदा हात फिरवायचा.

साडेपाचला सूर्य बुडतो, त्यानंतर मी कापाकापी करत नाही. साठीनंतरचे डोळे आणि पिवळा बल्ब यांच्या भरवशावर एकदा अंगठ्याचं नख घालवलंय. संध्याकाळी फक्त मापं लिहायची, कागदावर काढायचं. तोवर शेजारचे दोघे-तिघे उन्हाचा शेवटचा पट्टा शोधत वर आलेले असतात, कोणीतरी उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणतं, सालं भुशात पडतात आणि दुसऱ्या दिवशी मला उचलावी लागतात.

बाकी सगळं सावकाश करा. टेबलाचं मात्र उद्या दुपारीच: पालथं घाला, रुंदीच्या मधले स्क्रू तसेच राहू द्या, दोन्ही कडांचे सगळे काढा. चौकटीतली त्यांची भोकं कानशीने फळीच्या रुंदीच्या दिशेला लांबट करा, दोन्हीकडे मिळून किमान दहा मिलिमीटर. मग स्क्रूखाली रुंद वायसर घालून परत बसवा, पण आवळू नका, फळी हाताने दाबली तर सरकली पाहिजे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने तारीख आणि रुंदी लिहून ठेवा. मे महिन्याच्या अखेरीस ती परत मोजा. तेव्हा फळी भेगेवरून करवतीने सरळ चिरू, कडा रंध्याने साफ करू आणि नव्याने जोडू. गोंद वाळायची चिंता त्या दिवसांत नसते, उलट क्लॅम्प आवळायच्या आधीच वाळतो, म्हणून सकाळी सातला करू.