चाक कितीचं घ्यावं : २६, २७.५ की २९?

माउंटन बाइकच्या २६, २७.५ आणि २९ इंची चाकांबद्दल आलेल्या पत्रांमधले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखेच प्रश्न विचारणाऱ्यांची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझी उंची १७४ सेंमी आहे. पहिलीच चांगली माउंटन बाइक घेतोय. मातीच्या पायवाटा, दगडगोटे, मधूनमधून चढ. एकाच मापाची फ्रेम २७.५ आणि २९ अशा दोन्ही चाकांत मिळते. चालवून पाहिल्या तर २९ ची जड वाटली. तरीही सगळे तीच घ्या म्हणतात. खरं काय?

उत्तर : तुमच्या उंचीला आणि तुम्ही लिहिलेल्या वाटांना २९ घ्या. पण ती जड का वाटली हे आधी समजून घ्या, नाहीतर घेतल्यावरही ती तशीच वाटत राहील.

फायदा कुठे आहे तो पाहू. वाटेत १० सेंमी उंचीचा दगड आहे असं धरा. २९ × २.२५ टायरची त्रिज्या साधारण ३६.८ सेंमी, तर २७.५ ला तेवढाच रुंद टायर असेल तर ३४.९ सेंमी. चाक दगडाला टेकतं तिथपासून आसापर्यंतची रेषा उभ्या रेषेशी २९ मध्ये सुमारे ४३.३ अंशांचा कोन करते आणि २७.५ मध्ये ४४.५ अंशांचा. जुन्या २६ ला हाच कोन ४५.३ होतो. कोन जितका मोठा तितका दगड चाकाला जास्त मागे ढकलतो. एक-सव्वा अंश म्हणजे फार नव्हे, एका दगडाला तो जाणवणारही नाही. पण दगडगोट्यांच्या वाटेवर असे धक्के सलग लागतात आणि दर धक्क्याला थोडा थोडा वेग जातो. तिथे २९ चा फरक पायांना कळतो.

दुसरी गोष्ट स्थैर्याची. पेडलचा आस, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, दोन्ही सायकलींत जमिनीपासून साधारण सारख्याच उंचीवर असतो. चाकांचे आस मात्र २९ मध्ये जवळपास दोन सेंमी वर असतात. त्यामुळे तुमचे पाय चाकांच्या आसांच्या आणखी खाली येतात आणि उतारावर आपण सायकलच्या वर नसून दोन चाकांच्या मध्ये आहोत असं वाटतं.

आता जडपणा. रिम, टायर आणि स्पोक यांचं वजन परिघाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे २७.५ वरून २९ वर गेल्यास सुमारे साडेसहा टक्के. रिम आणि टायर मिळून १३०० ग्रॅम धरले तर एका चाकामागे ८५ ग्रॅम, दोन्ही चाकांचे १७०. कडेला फिरणारं वजन वेग घेताना जवळपास दुप्पट मोजावं लागतं. तरी ते ३४० ग्रॅमच झालं, आणि तुम्ही व सायकल मिळून ८५ किलोच्या आसपास आहात. एवढ्यानं पाय भरून येत नाहीत. भरून येतात ते गिअरमुळे. चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) ३२ दातांची आणि कॅसेटची (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) सर्वांत मोठी चकती ५१ दातांची असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात २७.५ ची सायकल सुमारे १.३७ मीटर पुढे जाते आणि २९ ची १.४४ मीटर. प्रत्येक गिअर पाच टक्क्यांनी जड झाला, तो हा असा. चेनरिंग ३० दातांची बसवली की आकडा १.३५ मीटरवर येतो आणि तक्रार मिटते. दोन दातांच्या फरकासाठी बहुधा चेन कापावी लागत नाही. सर्वांत लहान चकतीवर टाकून चेन लोंबत नाही ना, एवढं पाहा. आणि दुकानात अजून चेनरिंग बदललेली नसेल, तर २९ ची सायकल एका गिअरनं हलकी करून पुन्हा चालवून बघा.

चालवून पाहताना दोन्ही सायकलींच्या टायरमधली हवा सारखी करून घ्या. दुकानात उभ्या सायकलींत पुष्कळदा ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेली असते, आणि एकीत ४० व दुसरीत २५ असली तर तुम्ही हवेची तुलना करत असता, चाकाची नाही. ७० किलोच्या माणसाला २.३ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पीएसआय ही चांगली सुरुवात आहे. ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय वाढवा, नाहीतर दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. खरं सांगायचं तर तुमच्या वाटांवर टायरची रुंदी आणि हवा यांचा परिणाम चाकाच्या दीड इंचापेक्षा जास्त होतो. चाक निवडायला महिना घालवणारी माणसं हवा मात्र अंगठ्यानं दाबून बघतात, याचं वाईट वाटतं. प्रेशर गेज घ्याच.

प्रश्न : माझी उंची १५४ सेंमी. २९ ची सगळ्यात लहान फ्रेम चालवून पाहिली. सीट बरोबर बसली, पण वळताना बूट पुढच्या चाकाला लागला. सवयीनं जमेल का?

उत्तर : नाही. तुम्हाला २७.५ घ्यायला हवी.

लहान फ्रेममध्ये मोठं चाक बसवताना जागा कुठून तरी काढावी लागते, आणि तुमच्यासारख्या उंचीला ती तीन ठिकाणांहून जाते. एक तुम्ही पाहिलीच. सपाट जागी, सायकल उभी असताना पेडल आडवी करा, रोजचे बूट घाला आणि हँडल दोन्ही बाजूंना फिरवा. बुटाचं टोक टायरला लागलं तर चढावर सावकाश वळताना पडणार, आणि पडाल तीही उताराच्या बाजूला. दुसरं, हँडल. स्टेमखालचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याखालचे) सगळे स्पेसर, म्हणजे कड्या, काढून आणि सपाट हँडल बसवूनही पकड सीटपेक्षा बरीच वर राहत असेल, तर चढावर पुढचं चाक उचलतं. तिसरं दुकानात कळत नाही : तीव्र उतारावर सीट खाली करून मागे सरकलं की मागचा टायर पार्श्वभागाला घासतो. २७.५ मध्ये टायरचा वरचा भाग जवळपास ४ सेंमी खाली असतो. आखूड पायांना ते चार सेंमी फार मोलाचे आहेत.

फ्रेमवर उभं राहून पाहा. वरच्या नळीपासून किमान ३ ते ५ सेंमी मोकळे असावेत.

प्रश्न : फ्रेम २९ ची आहे, डिस्क ब्रेक आहेत. २७.५ ची चांगली चाकं मिळत आहेत. लावली तर चालेल? आणि मित्राला उलट करायचं आहे, २७.५ च्या फ्रेमला २९.

उत्तर : डिस्क ब्रेक असल्यामुळे ब्रेकची अडचण नाही, डिस्क हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर असते आणि रिमचं माप काहीही असो, कॅलिपर (डिस्क दाबणारा भाग) तिथेच राहतो. हब मात्र जुळले पाहिजेत. तुमच्या फ्रेमला मागे १२ × १४८ चा (व्यास × लांबी, मिमीमध्ये) बूस्ट, म्हणजे जास्त रुंद हबचा आस असेल आणि चाक १२ × १४२ चं असेल तर ते बसणार नाही. पुढेही १५ × ११० आणि १५ × १०० यांत तोच घोळ. डिस्क सहा बोल्टांची आहे की सेंटरलॉक (मध्ये एकाच कड्यानं आवळलेली) आणि तुमची कॅसेट त्या फ्रीहबवर (हबचा कॅसेट बसते तो भाग) चढते का, हेही चाकं हातात घेण्याआधी पाहा.

सगळं जुळलं, तरी तेवढ्याच रुंदीचा टायर लावला की सायकल १९ मिमी खाली बसते. बॉटम ब्रॅकेट ३३० मिमी उंचीवर आणि क्रँक (पेडलचा दांडा) १७५ मिमीची असेल, तर पेडलचा आस खाली आल्यावर जमिनीपासून १५५ मिमीवर असतो. तो १३६ वर येईल आणि त्यातून पेडलची निम्मी जाडी वजा करा. दगडांच्या वाटेवर पेडल आपटणं हे चाक निसटून पडण्याचं नेहमीचं कारण आहे. यावर एक चांगला उपाय आहे : २७.५ × २.८ टायर. त्याची त्रिज्या ३६.३ सेंमीच्या घरात जाते, म्हणजे २९ × २.२५ पेक्षा जेमतेम ५ मिमी कमी. पण टायर ७१ मिमी रुंद होतो आणि त्याला आतून ३५ मिमीच्या आसपासची रिम लागते. मागच्या नळ्यांमध्ये, टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर, निदान ६ मिमी मोकळे राहिले पाहिजेत. चिखल अडकतो, स्पोक ताणले की चाक वाकतं, आणि जागा नसेल तर टायर फ्रेमचा रंग आणि मग धातू खरवडायला लागतो.

मित्राला सांगा, करू नका. ७० किलोचा माणूस धक्क्याला फोर्क (पुढचं चाक धरणारा सस्पेन्शनचा चिमटा) पूर्ण दाबतो तेव्हा टायर फोर्कच्या वरच्या आडव्या भागाला, म्हणजे क्राउनला, लागला तर पुढचं चाक जागीच अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. तरी करायचंच असेल तर आधी ही परीक्षा : फोर्कमधली हवा सोडा, फोर्क तळापर्यंत दाबा आणि टायर व क्राउन यांत किती अंतर राहतं ते मोजा. मागे सस्पेन्शन असेल तर शॉकची हवा काढून तसंच दाबा, टायर सीटच्या नळीला लागतो का बघा. फोर्कच्या कंपनीनं दिलेलं कमाल टायरमाप ओलांडू नका.

प्रश्न : २६ च्या जुन्या सायकलीला नवा टायर आणला. टायरवर २६ लिहिलंय, पण रिमवर सैल बसतो आणि हवा भरली की बाहेर येतो. टायर खराब आहे का?

उत्तर : टायर चांगला आहे, तुमच्या रिमचा नाही. २६ हा आकडा रिमचा नसून टायरसकट चाकाचा आहे, आणि वेगवेगळ्या रिमांवरच्या टायरांना तेच नाव पडलं आहे. टायरच्या बाजूला लहान अक्षरांत दोन आकडे असतात, जसे ५०-५५९. पहिला रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. माउंटन बाइकचा २६ × १.९५ हा ५५९ असतो. २६ × १⅜ हा अपूर्णांकातला टायर ५९० असतो. ३१ मिमीचा फरक असल्यावर तो हातानं सहज चढणार आणि हवा भरली की निसटणार. दुकानात इंच सांगू नका, ५५९ सांगा. २७.५ साठी ५८४ आणि २९ साठी ६२२. (रस्त्याच्या सायकलींचं ७००सी तेही ६२२च, म्हणून व्यास जुळतो, पण अरुंद रिमवर २.२५ टायर लावू नये.)

याच पत्रात विचारलं आहे की व्ही-ब्रेक (रिमवर पॅड दाबणारे) ठेवून २७.५ ची चाकं लावता येतील का. रिम साडेबारा मिमी वर जाते, पॅड तेवढं वर सरकत नाही. चाकं सरळ असतील तर २६ चीच ठेवा आणि फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद, २.१ ते २.२५ चा टायर घाला.

प्रश्न : शर्यतीत सगळीकडे २९ दिसतात. मग पुढे २९ आणि मागे २७.५ असं मिश्रण कशासाठी?

उत्तर : लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिक क्रॉस-कंट्रीत यारोस्लाव कुल्हावी २९ वर पहिला आला आणि निनो शुर्टर २७.५ वर एका सेकंदानं दुसरा. इतक्या वरच्या पातळीवर फरक किती कमी आहे ते यात दिसतं. पुढे क्रॉस-कंट्रीत २९ स्थिरावलं.

मिश्र चाकं, ज्याला मलेट म्हणतात, ती उताराच्या शर्यतींची गोष्ट आहे. २०१९ पासून यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमात त्यांना परवानगी मिळाली. पुढचं मोठं चाक धक्के गिळतं, मागचं लहान चाक चटकन वळतं आणि अंगाला कमी घासतं. २९ ची फ्रेम मलेट केली तर मागचा आस १९ मिमी खाली येतो. आसांमधलं अंतर १२० सेंमी धरलं तर बॉटम ब्रॅकेट सुमारे १२ मिमी खाली जातो आणि सगळे कोन जवळपास ०.९ अंशानं मागे झुकतात. सीट साधारण ११ मिमी मागे जाते, म्हणून चढावर पुढचं चाक हलकं होतं. सीट रेल्सवर तेवढी पुढे घ्या. फ्रेमला फ्लिप-चिप (पालटून बसवला की फ्रेमची उंची बदलणारा तुकडा) असेल तर ती उंच स्थितीत लावा. दोन्हीही करता येत नसेल आणि तुमच्या वाटेवर चढच जास्त असतील, तर हा प्रयोग करू नका.

प्रश्न : २६ वरून २९ च्या सायकलवर आलो. जुनाच स्पीडोमीटर लावला तर रोजचं अंतर कमी दाखवतो.

उत्तर : त्यात अजून २६ चा परीघ आहे, साधारण २०६८ मिमी. २९ × २.२५ चा २३०० च्या आसपास असतो, म्हणून अंतर दहा टक्क्यांनी कमी येतं. तक्त्यातला आकडा टाकण्यापेक्षा मोजून घ्या. नेहमीची हवा भरा, पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा आणि जमिनीवर खडूनं खूण करा. सीटवर बसून सायकल सरळ रेषेत पुढे न्या, चाकाचे तीन फेरे पूर्ण होऊन व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून तिनानं भागा आणि तो आकडा स्पीडोमीटरमध्ये भरा. सीटवर बसणं टाळू नका, वजनानं टायर दबतो आणि परीघ काही मिलिमीटरनं कमी होतो.