अर्जावर नाव कोणतं लिहावं?

प्रश्न : मुलगी अमेरिकेत नोकरी शोधते आहे. भारतीय नावामुळे अर्ज बाजूला पडतात असं तिला वाटतं. सोपं इंग्रजी नाव लिहिलं तर चालेल का?

उत्तर : तिची शंका अगदीच पोकळ नाही. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बोस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले होते (प्रसिद्धी २००४). एमिली, ग्रेग अशा नावांना साधारण १० अर्जांमागे एक फोन आला. लकिशा, जमाल अशा कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना १५ मागे एक. बायोडेटा सुधारल्याचा फायदाही गोऱ्या वाटणाऱ्या नावांनाच जास्त झाला. म्हणून ‘बायोडेटा चांगला करा’ हा सल्ला अपुराच.

बायोडेटावर रोजच्या वापरातलं छोटं नाव चालतं. आडनाव मात्र तेच ठेवावं, नाहीतर पदवीची पडताळणी अडते. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘लीगल नेम’च्या रकान्यात पासपोर्टवरचंच नाव हवं, टोपणनाव ‘प्रेफर्ड नेम’मध्ये. इथे घोळ झाला तर पार्श्वभूमी तपासणीत नावं जुळत नाहीत आणि विनाकारण संशय येतो. शिवाय कॉलेजचं नाव ओळख सांगतंच, तेव्हा फार आशा नको.

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण नोकरीत वंश, मूळ देश अशा कारणांवरून भेदभाव करायला मनाई करतं. ते किमान १५ कर्मचारी असलेल्या मालकांना लागू होतं. समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रारीची मुदत १८० दिवस, बऱ्याच राज्यांत ३००. एका नकाराने काही सिद्ध होत नाही. जाहिरात, तारखा, आलेली उत्तरं जपून ठेवायला सांगा.